देश घसरला की त्याला वर कोण काढतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सांगलीत अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळं हा प्रश्न मला वर्गात पोरं विचारतात, गणपती पेठेतले हळदीचे व्यापारी विचारतात, एसटीत शेजारी बसलेले काका पण विचारतात. मॅडम, एखादा देश पार खाली गेला, पैसा संपला, राजकारण नासलं, तर तो परत वर येतो का, आणि त्याला कुणीतरी खमका माणूसच लागतो ना?

येतो की वर. पण खमक्या माणसामुळं येतो हे मला पटत नाही. सभेत उठून हिशोब विचारणारी माणसं गावोगाव तयार असली तर देश सावरतो, असं माझं मत आहे.

डेन्मार्कचं बघा. १८६४ ला प्रशिया आणि ऑस्ट्रियाकडून हरले, श्लेसविग-होल्स्टाइनकडचा सगळा मुलूख गेला, राजाच्या राज्यातली जवळजवळ दोन पंचमांश माणसं एका लढाईत दुसऱ्याची झाली. त्यातून सावरतायत तोवर अमेरिका आणि रशियातला स्वस्त गहू आगगाडी-आगबोटीनं युरोपात यायला लागला आणि डेन्मार्कचा शेतकरी तर धान्य विकूनच जगायचा. जर्मनीनं १८७९ ला आयातीवर कर लावून आपले भाव सांभाळले. डॅनिश शेतकऱ्यांनी उलटा विचार केला, स्वस्त धान्य येतंय तर येऊ दे, ते गाईला, डुकराला घालू आणि इंग्लंडला लोणी आणि बेकन विकू.

आता चार-पाच गाईवाल्याच्या घरच्या लोण्याला भाव कोण देणार? मलई काढायचं यंत्र नुकतंच आलेलं, पण ते एकट्याला परवडणारं नव्हतं. म्हणून १८८२ ला पश्चिम जटलंडमधल्या येडिंग गावच्या शेतकऱ्यांनी मिळून डेअरी काढली. कर्ज सगळ्यांच्या जबाबदारीवर, मलई काढलेलं दूध परत घरी डुकरांना, नफा घातलेल्या दुधाच्या हिशोबानं, आणि अशा डेअऱ्यांत बहुतेक ठिकाणी दोन गाई असोत की पन्नास, मत एकच. १९०० च्या आसपास अशा हजारभर डेअऱ्या झाल्या होत्या. हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही, डेअरीचं बिल किती दिवसांनी निघतं हे इथं पोरासोरांना माहीत असतं.

आणि ही माणसं आधी शिकलेली होती हे लक्षात घ्या. ग्रुंडविग नावाच्या पाद्र्याच्या विचारातून लोकशाळा निघाल्या होत्या, हिवाळ्यात शेतीची कामं कमी असली की तरुण शेतकरी तिथं राहून शिकायचे, परीक्षा नाही काही नाही. मला हे वाचताना कर्मवीर अण्णा आठवतातच, १९१९ ला काल्याला रयत सुरू केली, मग साताऱ्यात बोर्डिंग, पोरं राबून शिकली. साताऱ्या-सांगलीत पुढं जे काही उभं राहिलं त्याच्या खाली मला ती बोर्डिंगं दिसतात.

बरं, डेन्मार्कमध्ये खमका माणूस होता का? होता की! एस्ट्रुप, १८७५ ते १८९४ पंतप्रधान. खालच्या सभागृहात शेतकऱ्यांच्या पक्षाचं बहुमत, तरी हा १८८५ पासून त्यांना डावलून तात्पुरत्या कायद्यांवर बजेट चालवायचा आणि कोपनहेगनभोवती तटबंदी बांधायचा. देशाचं पोट मात्र डेअऱ्यांनी भरलं. शेवटी १९०१ ला राजाला त्याच शेतकऱ्यांच्या पक्षाचं सरकार बसवावं लागलं. वीस वर्षं डेअरीच्या सभेत मत देऊन, जमाखर्च तपासून तयार झालेली माणसं होती ती, त्यांना राज्य चालवायला कुणी नव्यानं शिकवायची गरज नव्हती, मला तरी या सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात मोठं वाटतं.

कोरियाच्या सोन्याचा विषय पण लोक नेहमी काढतात. १९९७ ला दक्षिण कोरियात डॉलर संपत आले, सरकारनं जाहीर केलेल्या साठ्यातला बराचसा वापरण्यासारखा नव्हताच हे उघड झालं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडं, म्हणजे अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या संस्थेकडं, जावं लागलं. मग सुमारे ३५ लाख लोकांनी अंगठ्या, बाळलेणी काढून दिली, २२७ टन सोनं जमलं. विट्या-खानापूरची आपली गलाईवाली, सोनं-चांदी गाळणारी माणसं यावर तासभर बोलू शकतील. पण ते दान नव्हतं, त्याचे पैसे मिळाले, आणि नुसत्या सोन्यानं देश सुटला नाही. बुडीत बँका बंद केल्या, देवूसारखा अवाढव्य उद्योगसमूह १९९९ ला कोसळला तेव्हा त्याचे तुकडे झाले, लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. फार सोसलं त्यांनी. नाणेनिधीचं कर्ज ठरल्यापेक्षा तीन वर्षं आधी, २००१ मध्ये फेडलं.

मग पोरं विचारतात, आपण काय करायचं? मी सांगते, घरात कुणीतरी सोसायटीचा, डेअरीचा, कारखान्याचा सभासद असेलच. सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा होते, त्याआधी अहवाल येतो आणि तो बहुतेक घरांत न उघडता रद्दीत जातो, सभेत विषय वाचून व्हायच्या आत मागून मंजूर मंजूर ओरडतात आणि सभा संपते. याचा मला मनापासून त्रास होतो. तो अहवाल उघडा, ताळेबंद बघा, ऑडिटचे शेरे वाचा, थकबाकी मागच्या वर्षीपेक्षा का वाढली ते उभं राहून विचारा. वाचून कळलं नाही तर घेऊन या माझ्याकडं, बसून वाचू.