पहिला नंबर, पण काय शोधल्यावर?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. कोल्हापुरात वेबसाइटचा मजकूर लिहून पोट भरणाऱ्या माणसाला लग्नाच्या पंगतीतसुद्धा हाच प्रश्न येतो: "आमची साइट गुगलवर पहिली कधी येणार?" मी उलट विचारतो, "काय शोधल्यावर?" बहुतेकांची गाडी तिथंच अडते.

दुकानाचं नाव टाकून पहिलं येण्यात फारसं काही नाही. ज्याला नाव ठाऊक आहे, तो तसाही येणारच. नुसत्या 'कोल्हापुरी चप्पल' या शब्दांवर मोठ्या ऑनलाइन बाजारांशी झुंजण्यातही शक्ती घालवू नये. मधली जागा मोकळी आहे. 'नवी कोल्हापुरी चावते, काय करू', 'खरं चामडं कसं ओळखायचं', 'पाय रुंद असेल तर कुठला नंबर घ्यायचा'. असं शोधणाऱ्याच्या खिशात पैसे तयार असतात.

एका चप्पल दुकानाचंच सांगतो. पहिल्या पानाचं शीर्षक होतं 'होम'. खाली मजकूर: 'आम्ही दर्जेदार पादत्राणांचे अग्रगण्य उत्पादक व पुरवठादार आहोत.' 'पादत्राणांचे' काढून 'कास्टिंगचे' घातलं की तेच वाक्य शिरोलीतल्या फाउंड्रीलाही चालतं. पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात, म्हणजे माणसाला दिसू नये पण गुगलनं वाचावं म्हणून, 'कोल्हापुरी चप्पल' ओळीनं कोंबलेलं. शिवाय पानामागच्या कोडमध्ये कीवर्डची, म्हणजे लोक शोधतील अशा शब्दांची, भली मोठी माळ. वेबच्या निकालांसाठी आपण हा कीवर्ड टॅग बघतच नाही, असं गुगलनं 2009 मध्येच सांगून टाकलंय. पण आपल्याकडं अजून त्याचे पैसे घेणारे आहेत.

आणि त्याच वेळी मालक काउंटरवर पुण्याच्या गिऱ्हाईकाला सांगत होते, "बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं चामडं हाय ताई, सुरवातीला घट्टच वाटणार. पावसात घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा. उन्हात ठेवलासा तर आखडतंय बघा. वाळली की तेलाचं बोट फिरवा."

साइटवर हवा होता तो मजकूर हाच. मालकांना विचारून तो तसाच उतरवून घेतला, शीर्षक दिलं 'कोल्हापुरी चप्पल पावसात भिजली तर काय करावं', आणि उत्तर पहिल्याच परिच्छेदात ठेवलं. फोटोंना नाव म्हणून कॅमेऱ्यानं दिलेले आकडे होते, तिथं 'कापशी चप्पल, वेणीचा पट्टा' असं वर्णन आलं. नंबरच्या तक्त्यात पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. 2019 च्या भौगोलिक मानांकनाचंही (जीआय, म्हणजे कुठल्या भागातला माल हे नाव लावू शकतो याची सरकारी नोंद) एक पान केलं, कारण 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्यानंतर 'खरी कोल्हापुरी कुठली' हे जो तो विचारत होता. त्यात खरं तेच लिहिलं: मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून आहे. मालकांना हे फारसं रुचलं नाही. पण खरं लिहिलं नाही तर त्या पानाचा उपयोग काय?

मराठीत लिहून गुगलला कळतं का, असंही विचारतात. कळतं. वाक्याचा अर्थ लावणारी बर्ट ही पद्धत गुगलनं डिसेंबर 2019 मध्ये सत्तरहून अधिक भाषांना लावली, त्यात मराठी आहे. तेव्हा 'चप्पल कोल्हापुरी स्वस्त ऑनलाइन' अशी तोडकी भाषा लिहायचं कारण उरलेलं नाही. एआयकडून रातोरात शंभर पानं पाडून घेणाऱ्यांनी मात्र जपावं. मार्च 2024 पासून असल्या घाऊक मजकुराविरुद्ध गुगलचं धोरणच आहे.

आपली साइट कशी चाललीय हे स्वतः बघायचं असेल तर गुगलचं सर्च कन्सोल हे साधन फुकट आहे. लोक काय शोधून तुमच्यापर्यंत आले याची सोळा महिन्यांची नोंद त्यात मिळते. शोधाच्या निकालात पान दिसतंय भरपूर आणि क्लिक नाहीत, असं असेल तर आधी शीर्षक बदला. क्रमांक दहा-पंधराच्या आसपास घुटमळत असेल तर त्या पानात कुठलं उत्तर अर्धवट राहिलंय ते शोधा. नवीन पान काढण्याआधी हे करा, मेहनत कमी लागते.

पहिल्या नंबरची लेखी हमी देणारा दारात आला तर चहा पाजून वाटेला लावा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलच सांगतं. जाहिरातीला पैसे भरले तर जाहिरात दिसेल, बिनपैशाच्या निकालांच्या यादीतली जागा त्यानं हलत नाही. मजकुरातले काही बदल थोड्या आठवड्यांत दिसतात, काहींना महिने जातात. तोवर काउंटरवरच्या पोराला एक वही घेऊन द्या. गिऱ्हाईक फोनवर काय विचारतंय ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, सुधारायचं नाही. महिन्यानं वही घेऊन या, मग पुढची पानं ठरवू.