डबल बेसच्या पोटातली काठी

बारा वर्षे ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवल्यावर मी एक जुना डबल बेस, म्हणजे उभा धरून वाजवायचे माणसाएवढे तंतुवाद्य, विकत घेतला. दोन्ही वाद्यांच्या तारा ई, ए, डी, जी अशाच लागतात, म्हणून हात लवकर बसेल असे वाटले होते. पण इथे स्वरांच्या जागा दाखवणारे पडदे नाहीत, तारेची वाजती लांबी सुमारे 105 सेंटिमीटर आहे, आणि मानेच्या वरच्या टोकाशी एका पूर्ण स्वराच्या अंतरासाठीही पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत हात ताणावा लागतो.

जुलैत तारा बदलताना मी चारही एकदम उतरवल्या. थोड्याच वेळात आत खट्टकन आवाज झाला. तारा पेलणाऱ्या घोडीच्या पायाखालची साउंड पोस्ट, म्हणजे तबली (वाद्याची पुढची फळी) आणि पाठ यांच्या मध्ये उभी असलेली अंगठ्याएवढी जाड काठी, आडवी झाली होती. ती कधीच चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानेच उभी राहते. त्यातच कोल्हापूरच्या पावसात लाकूड फुगून तबली किंचित वर आली असावी. काठीविना तारा ताणल्या तर शंभर किलोहून अधिक ओढ सोसणाऱ्या वाद्याची तबली खचू शकते, हे ठाऊक असल्याने मी पुढे हात लावला नाही.

कोल्हापुरात हे काम करणारा कोणी सापडेना. शेवटी बेस दोन वाकळांत गुंडाळून टेम्पोत कुशीवर निजवला आणि मिरजेला, तंबोरे घडवणाऱ्या एका बुजुर्ग कारागीर चाचांकडे नेला. शिकलगार घराण्यांनी जोपासलेल्या त्या कलेचा हात या वाद्याला लाभावा, एवढीच आशा होती.

चाचांनी आधी पोलादी सळई वाकवून तिला इंग्रजी एस अक्षराचा आकार दिला आणि टोक घासून अणकुचीदार केले. ते टोक काठीत रुतवून त्यांनी ती एफ आकाराच्या छिद्रातून आत सोडली. वाद्य ज्यावर उभे राहते तो खालचा दांडा काढून मी त्या भोकातून टॉर्चच्या उजेडात बघत होतो आणि काठी कुठे कलली ते सांगत होतो. चार वेळा ती पडली. वरचे टोक तबलीच्या वळणाला नीट टेकत नव्हते, म्हणून चाचांनी ते कानशीने केसाएवढे घासले. पाचव्यांदा ती जी तारेकडच्या पायाच्या जरा खाली ताठ उभी राहिली. दुसऱ्या पायाखाली तबलीला आतून चिकटवलेली बेस बार ही लांब पट्टी असते, म्हणून काठीची जागा याच बाजूला.

तारा चढवल्यावर मी गज फिरवला. चाचांनी तंबोऱ्याचा षड्ज ए तारेशी मिळवला, माझी ई तार ऐकली आणि म्हणाले, "ही तर आमचीच प-सा जोडी की!" खरेच, ए षड्ज मानला तर ई मंद्र पंचम होतो. पूर्वी पोकळ वाटणारी ती तार आता पायाखालच्या फरशीपर्यंत जाणवत होती.

निघताना त्यांनी पेन्सिलने घोडीच्या पायांभोवती खूण करून दिली. तेव्हापासून मी तारा एकेक करूनच बदलतो.