पार्लरच्या तारखेपासून उलटे मोजायचे दिवस

नांदेडच्या त्या कुत्र्यांच्या पार्लरमधल्या मुलाने आमच्या सरकी या कुत्रीला टेबलावर उभे केले, कानामागचे केस बोटांनी बाजूला सारले, बारीक दातांची फणी मानेपासून शेपटीपर्यंत एकदाच ओढली आणि फणीत अडकलेला पुंजका ओल्या पांढऱ्या कागदावर झटकला. कागदावर मिरपुडीसारखे काळे कण पडले आणि पाहता पाहता त्या कणांभोवती तांबूस डाग पसरले. मातीचे कण असते तर ते मातीच्याच रंगाचे राहिले असते. हे कण म्हणजे पिसवांची विष्ठा, अर्थात सरकीचेच पचलेले रक्त होते. "ताई, आज नाही जमायचं," तो म्हणाला. त्याआधी त्याने लसीकरणाचे कार्ड पाहिले होते आणि त्यावरचा रेबीजच्या लसीचा शिक्का आदल्याच दिवसाचा आहे हेही त्याच्या नजरेतून सुटले नव्हते. "औषध करा, लस अंगी लागू द्या अन् पंधरा दिवसांनी या."

परभणीहून एवढ्या लांब येऊन हात हलवत परतावे लागल्याचा राग मला वसमत येईपर्यंत होता. वसमतच्या पुढे मात्र माझ्या लक्षात आले की चूक सर्वस्वी माझीच होती. तीन वर्षांच्या या पांढऱ्या, झुबकेदार केसांच्या कुत्रीचे नाव मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ठेवले. मानवतजवळच्या आमच्या गावी आयुष्यभर कापूस पिकवलेल्या माणसाला त्या पांढऱ्या पिंजलेल्या गोळ्यातले दोन काळे डोळे पाहून दुसरे काही सुचणे शक्यच नव्हते. त्या सरकीच्या लहानपणीच्या सगळ्या लसी मी वेळेवर दिल्या होत्या, पण त्यानंतरचे दरवर्षीचे बूस्टर दोन वर्षे राहून गेले होते. पार्लरवाले कार्ड मागतात असे कळल्यावर मी आदल्या दिवशी धावपळ करून शिक्का मिळवला. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गात बोलते, आणि स्वतः वागले त्याच्यासारखीच.

लस टोचली म्हणजे त्याच क्षणी संरक्षण मिळाले, अशी आपली भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात लसीने शरीराला त्या रोगाची ओळख करून दिल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होण्यास साधारण दोन आठवडे लागतात. शिवाय लसीनंतर एक-दोन दिवस काही कुत्री मरगळतात, टोचल्याजागी हुळहुळते, क्वचित एखाद्याचे तोंड ॲलर्जीने सुजते. अशा अवस्थेत त्याला अनोळखी माणसाच्या हाती, गरम हवेच्या ड्रायरखाली तासभर उभे करणे हा त्या जिवावर अन्यायच आहे. म्हणून लस आधी, मग दोन आठवड्यांची वाट आणि त्यानंतर पार्लर, हा क्रम आमच्या डॉक्टरांनीही नंतर मला समजावून सांगितला.

पार्लर ही मुळात दहा घरची कुत्री एकाच टेबलावरून, एकाच टबातून जाण्याची जागा आहे. त्यात रेबीजच्या लसीचा प्रश्न माझ्या कुत्रीपेक्षा त्या मुलाच्या हातांचा अधिक आहे, ही गोष्ट मी कधी विचारातच घेतली नव्हती. नखे कापताना किंवा गुंतलेले केस सोडवताना गरीबातले गरीब कुत्रेही दात लावते. लस नसलेल्या कुत्र्याचा दात लागला तर त्या मुलाला सरकारी दवाखान्यात पहिल्या लसीसाठी आणि तिच्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीच्या लसींसाठी खेटे घालावे लागतात आणि दहा दिवस त्या कुत्र्यावर नजर ठेवून धास्तीत काढावे लागतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की जवळजवळ कोणीही वाचत नाही, त्यामुळे ही धास्ती अवाजवीही नाही. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो आणि त्या सुमारास अनेक ठिकाणी कुत्र्यांना ही लस मोफत देतात; ज्यांना खर्चाची अडचण आहे त्यांनी निदान ती तारीख तरी चुकवू नये.

दुसरी लस म्हणजे ज्याला दुकानदारापासून डॉक्टरांपर्यंत सगळे 'सेव्हन इन वन' किंवा 'नाइन इन वन' म्हणतात ती. तिच्यात डिस्टेंपर (ताप, खोकला आणि पुढे झटके आणणारा आजार), पार्व्हो (उलट्या आणि रक्ती जुलाबांचा आजार), यकृताचा संसर्गजन्य विकार आणि लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) यांच्यापासूनचे संरक्षण एकाच सुईत असते. यांपैकी पार्व्होची भीती पार्लरच्या संदर्भात मला सर्वांत जास्त वाटते, कारण त्याचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडून फरशीवर, चपलांच्या तळव्यांवर महिनोन्महिने तग धरतो आणि नेहमीच्या फिनाइलने मरत नाही. त्याला ब्लीचिंगचेच पाणी लागते. लहान पिलांना ही लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत देतात. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण पिलाच्या अंगात असेपर्यंत तेच लसीला निष्प्रभ करते, आणि ते नेमके केव्हा ओसरेल हे प्रत्येक पिलाचे वेगळे असते, म्हणून इतके डोस. तेव्हा "किती गोड दिसेल" म्हणून दोन महिन्यांच्या पिलाला केस कापायला नेणाऱ्यांनी शेवटच्या डोसानंतरचे दोन आठवडे धीर धरावा. 'केनेल कफ' नावाचा खोकला बंद खोलीत एकत्र आलेल्या कुत्र्यांमध्ये हवेतून पसरतो. त्याची लस वेगळी असते आणि वरचेवर पार्लरला किंवा बोर्डिंगला, म्हणजे मालक गावी गेल्यावर कुत्री सांभाळतात तिथे, जाणाऱ्या कुत्र्यासाठी ती घ्यावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

हे सगळे मामंजींना सांगत होते तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "लाळ्या-खुरकुताची लस आपण कधी चुकवली का गं?" चुकवली नव्हती. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी बैलांना दिली नाही असे आमच्या गोठ्यात कधी झाले नाही, कारण बैल गेला तर हंगाम जातो. कुत्रे गेले तर हंगाम जात नाही, एवढाच काय तो फरक, आणि तो फरक आपल्याला शोभत नाही.

लसीबाबत आमच्या भागापुरती एक सूचना करावीशी वाटते. लस २ ते ८ अंश तापमानातच टिकते. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असताना मेडिकलमधून बाटली घेऊन ती गाडीच्या डिकीत टाकून, वाटेत दोन कामे उरकून घरी आणायची आणि ओळखीच्या कोणाकडून तरी टोचून घ्यायची, हा उद्योग मी शेजारी पाहिला आहे. त्यातही फ्रीज असलेल्या घरी वीज किती तास नव्हती हे कोण सांगणार? अशा लसीने कार्ड भरते, पण कुत्र्याचे रक्षण होत नाही. दवाखान्याच्या फ्रीजमधून काढून समोर टोचलेली आणि बाटलीवरचे लेबल कार्डावर चिकटवलेली लसच खरी मानावी.

आता पिसवांकडे वळते, कारण खरी झटापट तिथेच झाली. अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण पिसवांच्या जेमतेम पाच टक्के. उरलेला सगळा संसार अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपाने घरातच असतो. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते आणि ती अंडी केसांना चिकटून न राहता कुत्रे बसेल-लोळेल तिथे गळतात. आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी आहे. तिच्या सांध्यांतली निघालेली भर, सरकीच्या वाकळेच्या शिवणी आणि दिवाणाखालचा अंधार, असा त्यांना हवा तसा वाडाच आम्ही राहायला दिला होता. कोषातली पिसू तर कित्येक आठवडे, कधी काही महिनेही, तशीच बसून राहते आणि पावलांचा हादरा व श्वासाची चाहूल लागताच बाहेर पडते. दिवाळीत पंधरवडाभर गावी राहून आम्ही परत आलो, कुलूप काढून आत पाऊल टाकले आणि घोट्यांवर टपाटप उड्या पडल्या, त्याचे कोडे मला आता उलगडले. त्या वेळी आम्ही डासांना दोष दिला होता.

म्हणून औषध कुत्र्याला आणि घराला एकाच दिवशी करावे लागते. सरकीची वाकळ मी उकळत्या पाण्यात धुतली आणि एप्रिलच्या उन्हात गच्चीवर दोन दिवस पसरली. पिसूच्या अळीला कोरडी उष्णता सोसत नाही, आणि कोरड्या उष्णतेच्या बाबतीत मराठवाड्याचा हात कोणी धरू शकणार नाही. फरशीचे सांधे रोज व्हॅक्यूम क्लिनरने ओढले, नंतर सिमेंटने भरून घेतले. त्या सांध्यांत पिसवांखेरीज गोचिडांचीही अंडी असणार, कारण कुत्र्याच्या गोचिडाची रक्त पिऊन टम्म झालेली मादी अंगावरून उतरून भिंतीच्या भेगेत शिरते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. गोचिडांमुळे होणारा 'टिक फीव्हर' हे आमच्याकडच्या कुत्र्यांचे फार मोठे दुखणे आहे. ताप, खाणे सोडणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, नाकातून रक्त येणे असे काही दिसत असेल तर पार्लर राहू द्यावे आणि आधी रक्त तपासून घ्यावे. अशा आजारी कुत्र्याला डॉक्टर लसही पुढे ढकलायला सांगतात.

अंगावरच्या औषधाचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि पार्लरच्या दृष्टीने त्यांच्यातला फरक महत्त्वाचा आहे. मानेवरचे केस दुभागून कातडीवर ओतायचे 'स्पॉट ऑन' औषध कातडीच्या तेलकटपणातून अंगभर पसरते. शाम्पूने ते तेलच निघून जाते, म्हणून हे औषध लावण्याच्या आधी आणि नंतर निदान दोन-दोन दिवस आंघोळ टाळायची असते. सकाळी औषध लावून दुपारी पार्लरला गेलात तर पैसे नालीत वाहून गेले असे समजावे. चघळायची गोळी मात्र रक्तातून काम करते, तिला आंघोळीचे वावडे नाही. काही गोळ्यांचा परिणाम महिनाभर, तर काहींचा बारा आठवडे टिकतो. ज्या कुत्र्याला कधी फिट आली आहे त्याच्या बाबतीत मात्र ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय गोळी देऊ नये. दोन्हींचा डोस वजनावर ठरतो, तेव्हा आधी वजन करावे. अंग चावून खाजवताना कुत्र्याने पिसू गिळली तर तिच्यातून पट्टकृमी पोटात जातो, त्यामुळे जंताचे औषधही याच वेळी उरकून घेणे शहाणपणाचे.

एका गोष्टीबाबत मात्र मी कठोरपणे बोलणार आहे. गोठ्यात बैलांच्या गोचिडांसाठी ठेवलेले औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला फासण्याची पद्धत खेड्यापाड्यांत सर्रास आहे, आणि पोळ्याच्या आधी जनावरे धुतली जात असताना कुत्र्यालाही त्याच बादलीतले दोन तांबे मिळतात. कुत्रे अंग चाटते, बैल तेवढे चाटत नाही. लाळ गळणे, थरथर आणि झटके यांपर्यंत प्रकरण जाऊ शकते. घरात मांजर असेल तर जपावे, कारण कुत्र्यांसाठी मिळणारी परमेथ्रिन या कीटकनाशकाची औषधे मांजराचा जीव घेऊ शकतात. कडूलिंबाच्या पाल्याच्या पाण्याला माझी हरकत नाही. पण त्याने पिसवा जातात असा अनुभव मला तरी आला नाही.

आता आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पार्लरची तारीख आधी लिहिली जाते आणि तिथून मागे मोजत बाकीच्या तारखा पडतात. कोषातून निघणाऱ्या नव्या पिसवांनाही औषध भेटावे म्हणून गोळी तीन आठवडे आधी आणि त्याच दिवशी घराची सफाई, लस निदान दोन आठवडे आधी, आणि आदल्या संध्याकाळी ओला पांढरा कागद अंथरून फणी.

पंधरा दिवसांऐवजी महिन्याने आम्ही पुन्हा नांदेडला गेलो. जाताना मीही चार प्रश्न तयार ठेवले होते: प्रत्येक कुत्र्याला टॉवेल वेगळा असतो का, मशीनचे पाते मधे पुसता की औषधाने साफ करता, टब कशाने धुता, कार्ड सगळ्यांचेच पाहता का. त्याने न रागावता उत्तरे दिली आणि ब्लीचिंगची बरणी दाखवली. मग फणी फिरवली, कागद पाहिला आणि मागच्या पंजाच्या बोटांत काहीतरी सापडून तो थांबला. माझ्या पोटात गोळा आला. त्याने चिमट्याने एक गोचीड काढून तळहातावर घेतला. तो वाळून गेलेला होता. गोळीचे औषध रक्तात असल्यामुळे गोचीड चावल्यावरच मरतो, म्हणून असा एखादा मेलेला सापडायचाच, असे सांगून त्याने तो कागदात गुंडाळून टाकला, हात धुतले आणि विचारले, "ताई, शेपटीचे केस किती ठेवायचे?"