पुणे ते पणजी विजेवर: आंबोलीमार्गे झालेल्या मोटार रॅलीचा वृत्तांत

नोव्हेंबरमध्ये पुण्याहून पणजीपर्यंत झालेल्या विद्युत मोटारींच्या रॅलीत आमचा तिघांचा संघ उतरला होता. ही वेगाची शर्यत नव्हती. अशा रॅलीत प्रत्येक टप्प्यासाठी सरासरी वेग ठरवून दिलेला असतो, वाटेतल्या गुप्त चौक्यांवर ठरल्या सेकंदाला पोहोचायचे असते, आणि आमच्या नियमपुस्तिकेत तर उशिरापेक्षा लवकर पोहोचण्याला दुप्पट दंड होता. पेट्रोलच्या मोटारीत चालकाशेजारी बसून मार्ग सांगणाऱ्या नॅव्हिगेटरने अंतर आणि घड्याळ सांभाळले की भागते. इथे बॅटरीची टक्केवारी हा तिसरा आकडा येतो, म्हणून आम्ही मागच्या सीटवर एक जण केवळ विजेच्या हिशोबासाठी बसवला. वजन नको म्हणून काही संघ दोघांतच निघाले होते; तिसरा माणूस आपल्या वजनाची भरपाई करून देतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या मोटारीची बॅटरी ४०.५ किलोवॅट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत साडेचाळीस युनिटांची होती. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास राहिल्यास एका युनिटात साडेसहा ते सात किलोमीटर पडतात. पुणे ते कोल्हापूर हे अंतर साधारण २३० किलोमीटर असल्यामुळे पस्तीसेक युनिटे खर्चून पाच-सहा उरावीत, असा आमचा आराखडा होता. खंबाटकीच्या चढावर टक्के भराभर उतरू लागले तेव्हा मोटारीतले बोलणे थांबले खरे, पण चढाचा खर्च आधी मांडलेला असतो आणि त्यातला काही भाग उतारावर परतही मिळतो. खरी गळती पुढे सुरू झाली. साताऱ्याजवळच्या शेंद्रेपासून कागलपर्यंत महामार्गाच्या सहापदरीकरणाचे काम चालू असल्याने जागोजागी वळणरस्ते होते. तिथे गेलेली मिनिटे भरून काढण्यासाठी मोकळ्या पट्ट्यात वेग वाढवण्याचा मोह होतो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ८० वरून १०० वर जाताच तो दीडपटीहून अधिक होतो. म्हणून गेलेला वेळ दहा किलोमीटरांत नव्हे, तर पन्नास किलोमीटरांत थोडा थोडा करून भरून काढावा. आम्ही ताशी ८५ ची मर्यादा घालून घेतली, दोन चौक्यांवर उशिराचा दंड सोसला आणि १४ टक्के शिल्लक ठेवून कोल्हापूर गाठले.

निघण्यापूर्वी आयोजकांनी मोजून दिलेल्या रस्त्याच्या पट्ट्यावर आपल्या मोटारीचा अंतरमापक ताडून घ्यावा आणि नंतर टायरमधल्या हवेला हात लावू नये, कारण हवा बदलली की अंतराचे गणितही किंचित सरकते.

कोल्हापूरच्या थांब्यावर ६० किलोवॅटच्या चार्जरच्या दोन्ही गन (मोटारीला जोडायच्या केबलची टोके) अ‍ॅपमध्ये चालू दिसत होत्या. प्रत्यक्षात एक बंद होती आणि रांगेत चार मोटारी. ८० टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग बराच मंदावतो, त्यामुळे पहिल्याने शंभर टक्के भरायचे म्हटले असते तर शेवटच्या संघाला रॅलीच सोडावी लागली असती. आमच्या नॅव्हिगेटरने बाकीच्यांशी बोलून प्रत्येकाने ७० टक्क्यांवर गन सोडायची, असे ठरवून घेतले. प्रतिस्पर्ध्यांनी ते पाळले, याचे मला आजही कौतुक वाटते. मागून येणाऱ्यांनी प्रत्येक मोठ्या थांब्याजवळ दुसऱ्या कंपनीचा एक चार्जर हेरून ठेवावा, दोन-तीन अ‍ॅपमध्ये आधीच पैसे भरावेत आणि एकाच चार्जरच्या दोन गनांवर दोन मोटारी लागल्या की वीज बहुतेकदा विभागली जाते, हे वेळेच्या हिशोबात धरावे.

निपाणी, आजरा करत संध्याकाळी आंबोलीला पोहोचलो तेव्हा २७ टक्के उरले होते. मुक्कामाच्या ठिकाणी १५ अँपियरचा सॉकेट होता, पण चार्जर लावताच तांबडा दिवा लागला. अर्थिंग कमकुवत असले की चार्जर वीज घेण्यास नकार देतो, आणि तो देतो ते योग्यच असते. जांभ्या दगडाच्या भूभागात जमिनीचा विद्युतरोध जास्त असल्याने ही अडचण कोकणात आणि घाटमाथ्यावर नेहमी येते. गावातल्या वायरमनने न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातला विद्युतदाब (व्होल्टेज) मोजला, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि भरपूर पाणी घातले, सैल झालेली जोडणी आवळली, आणि रात्री नऊच्या सुमारास दिवा हिरवा झाला. न्यूट्रलची तार अर्थिंगला जोडून चार्जरला फसवण्याची जी युक्ती काही जण सांगतात, ती कोणीही करू नये. तार मध्येच तुटली तर मोटारीच्या पत्र्यात वीज उतरते. मुक्कामाच्या जागी आधी फोन करून ‘१५ अँपियरचा सॉकेट आहे का’ एवढेच विचारू नये, अर्थिंग तपासलेले आहे का हेही विचारावे, आणि साधा एक्स्टेन्शन बोर्ड रात्रभर वापरू नये.

पहाटेपर्यंत ८५ टक्के झाल्यावर आम्ही मुद्दामच चार्जिंग थांबवले. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर उतारावर निर्माण होणारी वीज साठवायला जागा उरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आंबोलीची उंची सातशे मीटरच्या आसपास आहे. माणसांसह सतराशे किलोच्या मोटारीला तेवढे चढायला सुमारे सव्वातीन युनिटे लागतात. उतरताना यातली काही टायर आणि हवा खातात, तरी दाणोलीपर्यंत आमची बॅटरी तीन टक्क्यांनी वाढली होती. शिवाय रीजेन, म्हणजे वेग कमी होताना वीज परत बॅटरीत घेण्याची सोय, जास्त ठेवल्यास केवळ एका पायाने वेग इतका स्थिर राखता येतो की घाटातल्या गुप्त चौकीवर आमची चूक एका सेकंदाची निघाली. आमच्या गटातला दुसरा क्रमांक त्या एका चौकीने मिळवून दिला. पुढे वेंगुर्ले, शिरोड्याच्या अरुंद रस्त्यांवर वेग कमी असल्याने युनिटामागे आठ किलोमीटर मिळाले आणि पणजीत शिरताना विजेची चिंता कोणालाच नव्हती.

हाच मार्ग पावसाळ्यात करणाऱ्यांनी शनिवार-रविवार टाळावा. त्या दिवसांत आंबोलीच्या धबधब्यापाशी मोटारी तासन्‌तास अडकतात, धुक्यामुळे काचेसाठी एसी चालूच ठेवावा लागतो. म्हणून आजऱ्याहून निघताना नेहमीपेक्षा दहा टक्के जास्त हाताशी असावेत.