एससीडी४१ला पुण्याची उंची सांगताना

मागच्या नोंदीत एससीडी४१ हा कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर ईएसपी३२ या छोट्या नियंत्रक बोर्डाला जोडून झाला होता आणि मायक्रोपायथन या अशा बोर्डांसाठीच्या पायथनमधील एका मुक्तस्रोत ड्रायव्हरवर (सेन्सरशी बोलणाऱ्या कोडवर) तो चालूही लागला होता. आकडे थोडे कमी येतात, हे तेव्हा लक्षात येऊनही मी विषय तिथेच सोडला होता. कोथरूडच्या आमच्या गच्चीवर पहाटे साडेपाचला सेन्सर ४०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४०० भाग) आसपास दाखवत होता. जगाची सरासरीच आता ४२०च्या वर गेलेली असताना, चहूबाजूंनी इमारती असलेल्या गच्चीवर त्याहून कमी आकडा येणे पटण्यासारखे नव्हते.

कारण साधे निघाले. या सेन्सरमध्ये अवरक्त प्रकाशाच्या झोतांमुळे वायूत उमटणारे सूक्ष्म ध्वनितरंग टिपून रेणूंचा अंदाज बांधला जातो आणि मग हवेचा दाब गृहीत धरून त्याचे पीपीएममध्ये रूपांतर होते. वेगळे काही सांगितले नाही, तर सेन्सर स्वतःला समुद्रसपाटीवर समजतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणजे इथला दाब १०१३ नव्हे, तर ९४८ हेक्टोपास्कलच्या जवळपास असतो. पातळ हवेत रेणूच कमी, म्हणून आकडाही कमी. उंची सांगण्याची आज्ञा सेन्सरमध्ये आहे; ड्रायव्हरमध्ये मात्र तिच्यासाठी फंक्शनच नव्हते. तेव्हा ते आपणच लिहावे असे ठरवले.

पहिल्या प्रयत्नात उंची लिहून परत वाचली, तर शून्य! दोन संध्याकाळी मी पुल-अप रेझिस्टर आणि जंपर वायरींवर संशय घेत बसलो. चूक माझ्या सीआरसीमध्ये, म्हणजे पाठवलेली माहिती बिघडली नाही ना हे तपासणाऱ्या बाइटमध्ये होती. सीआरसी फक्त मूल्याच्या दोन बाइट्सचा काढायचा असतो. मी आज्ञेचे दोन बाइट्सही त्यात धरले होते. सेन्सरच्या डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) पडताळणीसाठी एक उदाहरण दिलेले आहे: सुरुवातीचे मूल्य हेक्स (सोळा-आधारी) एफएफ आणि बहुपद हेक्स ३१ असताना ‘बीईईएफ’ या दोन बाइट्सच्या शब्दाचा सीआरसी हेक्स ९२ यायला हवा. हे उदाहरण आता ड्रायव्हरच्या चाचण्यांमध्ये घातले आहे. ते मुळात मी आधीच करून पाहायला हवे होते.

खरी फजिती पुल रिक्वेस्ट, म्हणजे मूळ ड्रायव्हरमध्ये माझा बदल घेण्याची विनंती, पाठवल्यावर झाली. वीज गेली तरी उंची टिकावी म्हणून मी त्याच फंक्शनमधून ईईपीरॉममध्ये (सेन्सरच्या कायमस्वरूपी स्मृतीत) नोंद करणारी आज्ञाही देत होतो. ड्रायव्हरच्या मेंटेनरनी (तो सांभाळणाऱ्यांनी) एकच प्रश्न विचारला, की बोर्ड डीप स्लीपमधून (वीज वाचवणाऱ्या गाढ झोपेतून) किती वेळा जागा होतो? माझा बोर्ड दर दहा मिनिटांनी जागा होतो, म्हणजे दिवसाला १४४ वेळा. आणि ईईपीरॉमची हमी २००० वेळा लिहिण्यापुरतीच आहे. पंधरवडाही न उलटता ती मर्यादा संपली असती. कायमची नोंद आता वेगळ्या फंक्शनमध्ये आहे आणि ते हाताने एकदाच चालवायचे आहे.

त्याच ओघात जुना एक दोषही सापडला. मोजमाप तयार आहे का, हे सांगणाऱ्या शब्दाचे फक्त खालचे ११ बिट पाहायचे असतात, पण ड्रायव्हर अख्खा शब्द शून्याशी ताडून पाहत होता. काहीच तयार नसताना माझा सेन्सर हेक्स ८००० पाठवतो. ड्रायव्हर ते ‘तयार’ समजून वाचायला जाई, सेन्सर नकार देई आणि प्रोग्रॅम मध्येच थांबे. दुरुस्ती एका ओळीची होती. ती वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये दिली आणि ती आधी स्वीकारली गेली.

उंचीऐवजी थेट दाबही देता येतो आणि त्यासाठी चालू मोजमाप थांबवावे लागत नाही. उंचीसाठी मात्र ते थांबवून अर्धा सेकंद वाट पाहावी लागते. दाब देताना एक खबरदारी घ्यावी. हवामानाच्या बातमीतला दाब बहुधा समुद्रसपाटीवर आणलेला असतो. तो जसाच्या तसा दिला, तर सगळा खटाटोप वाया जातो. म्हणून पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, बीएमपी२८० हा दाबाचा सेन्सर आणून त्याच बसवर (सामाईक तारांवर) जोडला. त्याच्या आलेखात सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास दाबाचे दोन उंचवटे स्पष्ट दिसतात. ते पाहण्यात गंमत आहे, पण त्यांचा पीपीएमवरचा परिणाम अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. घरापुरती ठरावीक उंची पुरते. बीएमपी२८० मी निव्वळ हौसेखातर ठेवला आहे.

सेन्सरचे स्वयं-अंशांकन (आपोआप होणारी दुरुस्ती) आधारपातळी स्वतःहून ४००कडे ओढते, म्हणून तुलनेपुरते ते बंद ठेवले. मग गच्चीवर दर पंधरा मिनिटांनी १०१३ आणि ९४८ हेक्टोपास्कल असे दाब आलटून पालटून दिले. आकडा ४०० आणि ४२८ यांमध्ये हलत राहिला. उंचीची पुल रिक्वेस्ट अजून तपासणीत आहे. मेंटेनरनी दस्तऐवजात उदाहरण मागितले आहे आणि त्यात मी ५६० हाच आकडा दिला आहे.