भुसावळची दुपार आणि केपिलरीचं सुपरहीट

दीड टनी आर-22 गॅसच्या स्प्लिट एसीत (फिक्स्ड स्पीड; केपिलरी, म्हणजे कॉईलकडे लिक्विड सोडणारी बारीक नळी) गॅस जास्त झालाय का, हा मागच्या नोंदीतला घोळ अखेर सुटला. दुपारी सक्शन (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचं प्रेशर) 84 पीएसआय, म्हणजे सॅच्युरेशन (त्या प्रेशरला गॅस उकळतो ते तापमान) 10 अंश. सक्शन पाइप 12 अंश. दोन्हींतला फरक, म्हणजे सुपरहीट, फक्त 2. बघणारा लगेच म्हणेल, गॅस जास्त झालाय, थोडा सोडा. सोडायचा नाही!

केपिलरीवर सुपरहीटचा एकच आकडा चालत नाही. बाहेरचं तापमान आणि इनडोअरच्या जाळीपाशी ओल्या मलमलीच्या थर्मामीटरवर येणारं तापमान, दोन्ही लागतात: (3 × ओलं − बाहेरचं − 9) ÷ 2, सगळं सेल्सिअसमध्ये. बाहेर 44, ओलं 19, उत्तर 2. म्हणजे रीडिंग हवं तेवढंच! तरी उत्तर 3 च्या खाली आलं की या पद्धतीने चार्ज (गॅसचं प्रमाण) ठरवू नये. आर-22 ला या टप्प्यात 2.7 पीएसआय म्हणजे एक अंश, आणि सुईचं गेज तेवढं सहज चुकतं.

उन्हात कंडेन्सरचं (बाहेरच्या युनिटमधल्या कॉईलचं) प्रेशर चढतं, केपिलरीतून जास्त लिक्विड जातं, सक्शन वर सरकतं. म्हणून "65 ला बंद कर" (सक्शन 65 पीएसआय झालं की गॅस भरणं थांबव) हा बाजारातला नियम मला अजिबात पटत नाही. वैशाखातल्या दुपारी 65 वर आणलेलं मशीन श्रावणात कॉईलवर बर्फ धरतं.

त्याच मशीनचं सूर्योदयाचं रीडिंग: बाहेर 29, ओलं 19, लक्ष्य 9.5. सक्शन 68 पीएसआय (4 अंश), पाइप 14, सुपरहीट 10. चार्ज अचूक! हा आकडा बघून फार बरं वाटलं.

आधी कंडेन्सरमधली धूळ पाण्याने काढा, फिल्टर धुवा, फॅन फुल ठेवून निदान 15 मिनिटं चालू द्या. सक्शन पाइपवरच्या थर्मामीटरच्या क्लिपला फोम गुंडाळून टेप मारा. पश्चिमेच्या भिंतीवर उघडी क्लिप ऊन खाते आणि सुपरहीट खोटं वाढतं. गेजच्या स्वस्त होजचे (नळ्यांचे) रबर वॉशर उन्हाळ्यात कडक होऊन गळतात, ते आधी बदला.

पुढे डिजिटल मॅनिफोल्ड (प्रेशर मोजायचा गेजचा संच) घ्यायचा बेत होता, तो मागे पडला. आर-32 गॅसच्या इन्व्हर्टर एसीवर कॉम्प्रेसर वेग बदलत राहतो आणि गेज जोडायचा पोर्ट बहुधा सक्शनलाच असतो. तिथे गॅस काढून, व्हॅक्युम करून नेमप्लेटचं वजन भरणंच खात्रीचं, म्हणून आधी वजनकाटा. आणि लिहिता लिहिता सुचलं: या आर-22 च्या पहाटेच्या रीडिंगसोबत क्लॅम्प मीटरचे अँपिअरही टिपायचे, म्हणजे पुढे गॅस गळाला तर दुसरा पुरावा हाताशी राहील.