वजन ९६ किलो, बोर्ड किती फुटी? कल्पिटियाचा वृत्तांत

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर काइटसर्फिंगचं, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने बोर्डावर उभं राहून पाण्यावरून धावण्याचं, काही खरं नसतं. समुद्र खवळलेला आणि वारा झटक्याझटक्यांचा. गोव्यात मोरजी-मांद्र्याला उन्हाळ्यात दुपारचा वारा मिळतो, पण तो माझ्या ९६ किलोंना कसाबसा पुरतो. म्हणून ऑगस्टमध्ये श्रीलंकेतलं कल्पिटिया गाठलं. ट्विन-टिप, म्हणजे दोन्ही टोकं सारखी असलेला नेहमीचा काइट-बोर्ड, मुद्दाम घरी ठेवला. या खेपेला फक्त डायरेक्शनल, म्हणजे सर्फबोर्डासारखा एकाच टोकाने पुढे जाणारा बोर्ड, चालवायचा होता, तोही भाड्याने वेगवेगळ्या मापांचा घेऊन, कारण विकत घेण्याआधी आपल्या वजनाला काय झेपतं ते बघायचं होतं. सत्तर-पंचाहत्तर किलोंच्या लोकांसाठी सल्ले रग्गड आहेत. हा मजकूर नव्वदीच्या पुढच्यांसाठी.

जाणं सोपं आहे. मुंबईहून कोलंबोचं थेट विमान साधारण अडीच तासांचं. विमानतळ काटुनायकेला, म्हणजे शहराच्या उत्तरेला, त्यामुळे कोलंबोच्या रहदारीत शिरावं लागत नाही. चिलाव, पुत्तलम या रस्त्याने गाडीला तीन तासांच्या आसपास लागतात. पालावीला वळून द्वीपकल्पावर आलात की नोरोच्चोलैच्या वीज केंद्राची चिमणी आणि पवनचक्क्या दिसू लागतात. पाती जोरात फिरताना दिसली की ड्रायव्हरने उगाच चहाला गाडी थांबवली असं वाटायला लागतं. सुक्या मासळीचा वास कोकणातल्या माणसाला घरचाच वाटेल.

मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत इथे नैऋत्येचा वारा असतो, बहुतेक दिवस १८ ते २५ नॉट, म्हणजे ताशी साधारण ३३ ते ४६ किलोमीटर. इथल्या कुडावा गावाजवळ वाळूचा चिंचोळा पट्टा आहे. एका बाजूला लगूनचं, म्हणजे आतल्या खाडीचं सपाट पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि लाटा. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर वारा डाव्या हाताने, थोडा समोरून येतो. म्हणजे बाहेर जाताना डावा पाय पुढे. परत येताना पाय बदला, नाहीतर वाऱ्याकडे तोंड करून पंजांवर भार देत या. वजनदार माणसाच्या बोर्डाची खरी परीक्षा या पाय बदलण्यात होते.

ती का, हे समजून घ्यायला लिटरचा हिशेब आधी डोक्यातून काढावा लागतो. सर्फिंगवाले लिटरवरून बोर्ड निवडतात, कारण त्यांना हातांनी वल्हवत लाट गाठायची असते. एक लिटर आकारमान साधारण एक किलो तरंगवतं. ३० लिटरचा बोर्ड ९६ किलोंना उभ्या उभ्या तरंगवणार नाही, आणि ३४ लिटरचाही नाही. आपल्याला वर धरतात ते बोर्डाचा वेग आणि काइटची ओढ. वेग आहे तोवर चार लिटर इकडेतिकडे झाल्याने फार बिघडत नाही. पण पाय बदलताना वेग पडतो, काइट डोक्यावर येते, ओढ क्षणभर सुटते आणि अंगाचा सगळा भार बोर्डावर येतो. त्या क्षणी तारते ती रुंदी, विशेषतः मागच्या पायाखालची.

५ फूट ४ इंचांचा बोर्ड २२ नॉटमध्ये मस्त वळत होता, पण वारा जरा बसला की शेपूट पाण्यात जायची आणि पुन्हा वेग धरेपर्यंत मी किनाऱ्याकडे ढकललो जायचो. ६ फूट ३ इंचांचा त्याच्या अगदी उलट. पाय निवांत बदला, पण जोराच्या वाऱ्यात छोट्या लाटांवर ताटासारखा आदळायचा आणि लाटेवर वळायला आढेवेढे घ्यायचा. मला मानवला तो ५ फूट ११ इंच लांब, १९ इंच रुंद, २९ लिटरचा. नव्वद ते शंभर किलोंच्या माणसाने ५ फूट १० इंच ते ६ फूट, रुंदी पावणेएकोणीस ते साडेएकोणीस आणि २७ ते ३१ लिटर इथून सुरुवात करावी. पाय बदलणं अजून अडखळत असेल तर यातलं वरचं टोक धरा. नेहमी २५ नॉटच्या पुढेच उतरत असाल तर खालचं.

बोर्ड मोठा घेतला म्हणजे काइट लहान चालेल, हा समज मात्र अर्धाच खरा. डायरेक्शनलवर ट्विन-टिपपेक्षा एक माप लहान काइट बहुतेकदा पुरते, पण वारा बसतो तेव्हा ओढ काइटनेच द्यायची असते. आपल्या वजनाला कल्पिटियात १२ आणि ९ चौरस मीटरच्या काइटची जोडी बरी.

आणखी एक गोष्ट, जी मापाच्या तक्त्यात नसते. साध्या सर्फबोर्डाचा वरचा थर पातळ असतो. आपल्या टाचांनी त्यावर खळगे पडतात, उड्या मारल्या तर बोर्ड चिरतोही. काइटसाठी मजबूत केलेलाच घ्या, थोडा जड असला तरी. फिन, म्हणजे बोर्डाखालचे पंख, लार्ज किंवा त्याहून मोठे लावा. छोट्या फिनांवर जड माणूस जोर देतो तेव्हा शेपूट घसरते.

भाड्याने घेणार असाल तर निघण्याआधी तिथल्या काइट-शाळेला व्हॉट्सअ‍ॅपवर लांबीसोबत रुंदी, लिटर आणि फिनचं माप विचारा. ‘मोठा बोर्ड आहे’ या उत्तरावर जाऊ नका. मध्यम वजनाच्या गिऱ्हाइकांच्या मानाने ५ फूट ८ इंचसुद्धा मोठाच ठरतो. स्वतःचा नेणार असाल तर विमान कंपनीकडून बॅगच्या लांबीची मर्यादा लेखी घ्या. ६ फुटी बोर्डाची बॅग १९० सेंटिमीटरच्या घरात जाते. फिन काढून ठेवा आणि त्यांची किल्ली काइटच्या बॅगेत टाका. बोर्डाला लीश, म्हणजे तो अंगाला जोडणारी दोरी, बांधू नका; ती ताणली की बोर्ड उलटून डोक्यात बसतो. समुद्राच्या बाजूला वारा आणि लाटा सुटलेला बोर्ड तसाही किनाऱ्याला आणून टाकतात. पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावायचं वॅक्स उष्ण पाण्याचं घ्या, आणि बोर्ड उन्हात पालथा ठेवा, नाहीतर सगळं वॅक्स वितळून वाळूत जाईल.

घरच्यांना डॉल्फिन दाखवायचं कबूल करून नेऊ नका. त्या फेऱ्या साधारण नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये होतात. वाऱ्याच्या दिवसांत समुद्र होड्यांना नकोसा असतो. त्यांच्यासाठी गावातला डच किल्ला आहे, पण तो नौदलाच्या ताब्यात असल्याने आधी चौकशी करून जा.